ज्याला घर आहे, त्यानं घरी जावं

माझ्या भावाच्या आधारकार्डाचा फॉर्म मी भरला होता. माझं अक्षर चांगलं म्हणून तो माझ्याकडं आला, आणि पत्त्याच्या रकान्यात मी आमच्या गावाचं नाव, तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव असं सुट्या अक्षरांत नीट लिहिलं. त्या वेळी तो गावात राहत नव्हता. नऊ वर्षं तो उत्तरेला, सीमेला लागून असलेल्या एका जिल्ह्यात, साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरीला होता. गेल्या उन्हाळ्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या तेव्हा या पत्त्यामुळं त्याला छावणीत घेतलं नाही. गावी परत पाठवलं. तो गावी पोचला नाही.

सुरुवातीलाच सांगून टाकते. वर्ष होत आलं, मी शाळेत शिकवते, वर्गात नीट बोलते, वह्या तपासते, आणि रोज कधीतरी तो फॉर्म माझ्यासमोर येतो. दुःख म्हणतात ते काय असतं मला अजून कळलेलं नाही. मला राग येतो.

पत्ता गावचाच का, हे आमच्या भागाबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. भूकंप झाला तेव्हा मी लातूरला डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होते आणि भाऊ सहावीत. आमचं गाव सास्तूरपासून पायी जाता येईल इतकं जवळ. घरं दगडमातीची, भिंती दोन-दोन हात जाड, वर मातीचं धाबं. आमच्या घरातले वाचले, कारण उडीद राखायला आण्णा सगळ्यांना घेऊन शेतात झोपले होते. आण्णा म्हणजे आमचे वडील. घरात होती ती फक्त त्यांची आई.

माझे चुलते सोलापूरला गिरणीत कामाला होते. बातमी कळताच ते आले. आपल्या आईला त्यांनी आणि आण्णांनी मिळून ढिगाऱ्यातून बाहेर काढलं. नंतर आठ महिने ते आमच्याबरोबर पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. पडलेल्या घरात त्यांचा अर्धा वाटा होता. पण रेशनकार्ड त्यांनी मागंच सोलापूरला नेलं होतं, साखर-रॉकेल तिथं मिळावं म्हणून. नवीन गाव बांधायचं ठरलं आणि यादी वाचली गेली, तेव्हा त्यांचं नाव तिच्यात नव्हतं. यादी वाचणारा म्हणाला, तुमचं कार्ड सोलापूरचं आहे, तुम्ही भूकंपग्रस्त नाही. चुलते म्हणाले, "म्या माज्या आईला ह्या हातानं काडलंय." तो म्हणाला, "ते खरं आहे हो काका. पण यादीत बसत नाही."

आण्णांना सिमेंटचं घर मिळालं, ओळीतलं, दारावर नंबर टाकलेलं. चुलते सोलापूरला भाड्याच्या खोलीत वारले. आण्णा पुढं कित्येक वर्षं त्या घरात झोपले नाहीत. डोक्यावर स्लॅब नको म्हणून बाहेर पत्रा टाकून त्याखाली झोपायचे आणि घरात शेळ्या बांधायचे. पण घराचा कागद मात्र पत्र्याच्या डब्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला दोरा. आणि आम्हा भावंडांना एकच सांगणं, "कुटंबी जावा, चाकरी करा, पर कागुद हितनं हलवायचा न्हाय. तुमच्या काकाचं काय झालं ते बगितलंव न्हवं?"

हे फक्त आमच्या घरात नाही. आमच्या गावची माणसं पुण्यात आहेत, हैदराबादेत आहेत, आणि कागदावर सगळीच्या सगळी गावात आहेत. मतदानाला जीपा भरून येतात. लोक हसतात, तुमच्या गावात यादीएवढी माणसं कधी दिसतच नाहीत म्हणून. हसोत. सरकार आलं की आधी यादी काढतं आणि मग माणूस बघतं, हे आम्ही एकदा शिकलो होतो. चांगलं घोकून शिकलो होतो.

भावाच्या दोन्ही किडन्या चार वर्षांपूर्वी निकामी झाल्या. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून दोनदा डायलिसिस होई, फुकट. कारखान्यानं त्याला बसून करायचं काम दिलं. आधारकार्ड नव्यानं करायची वेळ आली तेव्हा तो आठ दिवसांसाठी गावी आला होता. लोहाऱ्याच्या केंद्रावर आम्ही बाकावर बसलो होतो. तो म्हणाला, "आक्का, तितला पत्ता टाकावा म्हंतो. दवाखान्यात नंबर लवकर लागतो."

मी आण्णांना फोन लावून दिला. आण्णा फोनवर ओरडायचे, फोन कानापासून लांब धरावा लागे. सगळ्या केंद्रानं ऐकलं. "नंबर लागंना का दोन दिस उशिरा. घर जाईल की रं हातचं."

भावानं माझ्याकडं बघितलं. शिकलेली मी होते. मी म्हणाले, "राहू दे. दुखवू नको त्यांना." आणि लिहिलं.

तोफा सुरू झाल्या तेव्हा टीव्हीवर दिवसभर नकाशे होते, लाल बाण होते, आणि टाय लावलेली माणसं होती. माणसं हलवली म्हणून सांगत. 'हलवली' हाच शब्द, पोती हलवल्यासारखा. किती गावं, किती बसेस. कौतुकानं सांगत. आणि व्यवस्था खरंच चांगली होती, हे माझ्या भावजयीनंच मला सांगितलं. गुरुद्वाराच्या भोंग्यावरनं पुकारा झाला. गावागावाला बस ठरलेली, बसच्या काचेवर गावाचं नाव. कारखान्याच्या कॉलनीतले लोक शेजारच्या गावच्या बसमध्ये बसले. गावच्या सरपंचानं भावाला हात देऊन वर घेतलं आणि पुढची जागा दिली. नऊ वर्षं त्यांच्या घरचं लग्न नाही की मयत नाही जिथं भाऊ-भावजय गेले नाहीत.

छावणी एका कॉलेजात होती. दारात टेबल, टेबलावर गावाची यादी. ज्याचं नाव येईल त्याला गळ्यात अडकवायचं कार्ड मिळे, आणि त्या कार्डावर अंथरूण, जेवण, औषध. डायलिसिसच्या रोग्यांना तिथून दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात नेणारी गाडीसुद्धा होती, कारण त्यांच्या नेहमीच्या दवाखान्यातल्या खाटा जखमी सैनिकांसाठी रिकाम्या केल्या होत्या. गाडीत जागा होती. हे मी पुन्हा लिहिते. जागा होती.

भावाचं आधारकार्ड बघून टेबलावरचा माणूस म्हणाला, तुम्ही बाहेरचे आहात, तुमची सोय वेगळी आहे. त्यानं त्यांना सावलीत बसवलं, चहा दिला, बिस्किटं दिली. सरपंच मध्ये पडला, हा आमच्यातलाच आहे म्हणाला. तो माणूस सरपंचाशीसुद्धा नीट बोलला. मला त्याच्या नीट बोलण्याचाच सगळ्यात जास्त संताप येतो. कुणी हाकललं असतं, धक्का मारला असता, तर भाऊ दार धरून बसला असता. त्याला चहा दिला म्हणून तो गप्प बसला. आम्ही चहा देणाऱ्याशी भांडत नाही.

सरपंचाच्या दोन म्हशीही छावणीत आणल्या होत्या. मागच्या मैदानात जनावरांची सोय होती. म्हशींच्या कानात तिथल्या जिल्ह्याच्या नोंदीचा पिवळा बिल्ला होता, तो बघून त्यांना चारा मिळाला. भावजय फाटकाबाहेर लिंबाखाली बसून ते बघत होती. भाऊ तिला म्हणाला होता, "माज्या कानाला बिल्ला आस्ता तर बरं झालं आस्तं." आणि दोघं हसले होते. तिनं हे सांगितलं तेव्हा तीही जराशी हसली, आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले.

त्या दुपारी छावणीच्या दारातनं तिनं मला फोन लावला आणि फोन त्या टेबलावरच्या माणसाच्या हातात दिला. मी त्याला हिंदीत सांगितलं. सरळ सांगितलं. डायलिसिस होऊन चार दिवस झालेत, आजचा दिवस चुकला तर धोका आहे, तुम्ही एक नाव वाढवा, हवं तर मी लिहून देते, शाळेच्या शिक्क्यासह देते. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "मॅडम, ये बेघर लोगों के लिए है. उनका तो घर है ना. जिनका घर है, वो घर जाएं."

घर होतं ना. सिमेंटचं, नंबर टाकलेलं, एका सरकारनं एका आपत्तीत दिलेलं. दुसऱ्या सरकारनं दुसऱ्या आपत्तीत तेच घर त्याच्या तोंडावर फेकलं. त्या घरापासून तो दोन दिवस आणि दोन रात्रींच्या अंतरावर होता, आणि त्याच्या अंगात पाणी साठत होतं. पण 'विस्थापित' या शब्दाची त्यांनी व्याख्या करून ठेवलेली होती आणि ती यादीच्या वरच्या बाजूला छापलेली होती.

पुस्तकांत मी वाचलं होतं की लढाईत माणसं घरातून हाकलली जातात. घरी हाकललं जाणंही असतं, हे मी वाचलं नव्हतं.

बाहेरच्या राज्यांतल्या कामगारांसाठी एक विशेष गाडी सोडली होती. तिचा पास त्यांना दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गाडी निघाली. तोवर ते दोघं स्टेशनच्या फलाटावर बसून होते. फलाटावरच्या डॉक्टरनं भावाचे पाय दाबून बघितले आणि घरी गेल्या गेल्या दवाखान्यात दाखवा म्हणून सांगितलं. पासवर भावाचं नाव बरोबर लिहिलं होतं, पत्ताही बरोबर. माझ्याच फॉर्मवरनं उतरवलेला असणार.

गाडी तिसऱ्या राज्यात असताना, भर दुपारी, तो गेला. एका मोठ्या स्टेशनवर रेल्वेच्या माणसांनी त्याला उतरवून घेतलं. मृत्यूचा दाखला त्या शहराचा. कारण, मूत्रपिंड निकामी होणे. तेही बरोबरच आहे. प्रत्येक कागद बरोबर आहे.

भावजय आता गावात, त्या घरात राहते. तिचं माहेर बेंबळीचं, पण माहेरी कुणी उरलेलं नाही. दिवस झाल्यावर महिनाभरानं मी गेले तेव्हा ती नळावरनं रिकामी घागर घेऊन परत आली होती. पाणी का आणलं नाहीस म्हणून विचारलं, तर घागर ठेवून पीठ काढायला लागली. मग भाकरी थापता थापता बोलली.

"आक्का, बाया म्हंतेत, मशीन सोडून नवऱ्याला हलवला कशाला. तितं सरकार फुकट करीत हुतं. हिलाच गावची वढ लागली आसंल."

"कोण म्हणतं?"

"सगळ्याच. तोंडावर एकदोघी."

आण्णा बाहेर पत्र्याखाली बसले होते. ताट घेऊन गेली तेव्हा त्यांनीही तिला तेच सुनावलं, हळू आवाजात, पण मला ऐकू आलं. "तितंच ऱ्हायाचं हुतं. मशीनपशी. तू तरी धरून ठिवायचं हुतंस." ती "व्हय मामा" म्हणाली आणि आत आली.

तिनं त्यांना छावणीचं काहीच सांगितलं नव्हतं. पत्त्याचं तर नाहीच. मी विचारलं, का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "म्हाताऱ्या मानसाला काय सांगू. त्यांनीच टाकाया लावला की पत्ता." मग तवा उतरवत, "मला कुनाचं काय नगं. पैसं बी नगं. आमी आपल्या मनानं आलो न्हाय, आमाला परत धाडलं, आसं सरकारनं लिवून द्यावं. तेवडा एक कागुद. नळावर दावीन."

तेवढा एक कागद मिळवायला आम्ही निघालो. मी तिच्या नावानं अर्ज केले. तिकडच्या जिल्ह्याला लिहिलं. उत्तर आलं की सदर व्यक्तीचं नाव आमच्या विस्थापितांच्या यादीत आढळत नाही. इकडं अर्ज केला. इकडचे म्हणाले, आमच्या जिल्ह्यात लढाईनं कुणी विस्थापित झालेलं नाही. वाटेतल्या ज्या शहराचा दाखला होता त्यांनी लिहिलं की मृत्यू नैसर्गिक आहे. मी तिन्ही पत्रं एका फाइलला लावली. भाषा तिन्हींची सारखीच. लढाईत राज्यांचं एकमेकांशी जमत नाही म्हणतात, ते खोटं आहे. फार चांगलं जमतं.

शेवटी धाराशिवच्या एका कार्यालयातनं निरोप आला, अर्जदारानं स्वतः येऊन सही करावी. मी आदल्या दिवशी गावी गेले, भावजयीला आणायला. सकाळी आण्णांशेजारी बाजेवर बसले. इतकी वर्षं मी त्यांना उलटून बोलले नव्हते.

"आण्णा, त्याला तिथं छावणीत घेतलं नाही. कार्डावर गावचा पत्ता होता म्हणून. गाडीत बसवून परत पाठवलं. हिनं आणला नाही त्याला."

ते शेळीच्या गळ्यातल्या दोरीची गाठ सोडवत होते. ती सोडवून झाली.

"पत्ता कुनी भरलता?"

"मी. तुम्ही सांगितलं म्हणून."

"म्या सांगितलं," ते म्हणाले. प्रश्न होता की काय, मला कळलं नाही. मग त्यांनी विचारलं, "हापिसात कदी जायचंय?"

"आत्ताच. साडेदहाची एस.टी. आहे."

ते उठले, टोपी घातली, आणि सुनेला म्हणाले, "चल बाई." एवढंच. माफी वगैरे आमच्यात कुणी मागत नाही, आणि मलाही त्या क्षणी त्यांना माफ करायचं नव्हतं. एस.टी.त ते पुढच्या बाकावर बसले. त्यांची मान बारीक झालेली मागून दिसत होती. मला दया येत होती आणि आलेली आवडत नव्हती.

कार्यालयात अव्वल कारकुनानं आम्हाला खुर्च्या दिल्या. इथंही माणूस चांगला होता. त्यानं एक टाइप केलेला कागद पुढं सरकवला, खाली सहीची जागा पेन्सिलीनं फुली मारून दाखवलेली. भावजय नववी शिकलेली आहे. सही कर म्हटल्यावर ती करील असं त्याला वाटलं. तिनं कागद हातात घेतला आणि ओळीखाली बोट फिरवत वाचायला लागली. कारकुनानं घड्याळाकडं बघितलं.

"हे काय लिवलंय, आक्का? 'स्वेच्छेने मूळ गावी परत येत असताना.' म्हंजी आपल्या मर्जीनं न्हवं?"

"अहो, ती आपली भाषा असते," कारकून म्हणाला. "सगळ्यांना तेच लिहितो. सही झाली की अर्ज निकाली निघतो. तुमचाही त्रास संपला."

"न्हाय वो साहेब, आमी मर्जीनं कुटं आलो."

"पण ओढून तर नाही ना आणलं? पास घेतलात, गाडीत बसलात."

तिनं माझ्याकडं हात केला. मी पेन दिला. तिनं सहीच्या जागी नाही, वर, 'स्वेच्छेने'वर आडवी रेघ मारली. मग अजून एक.

"ओ बाई, शासकीय कागद आहे तो," तो खुर्चीतून अर्धा उठला. कागद ओढून घ्यायला त्यानं हात पुढं केला, तेवढ्यात आण्णांनी त्यावर तळहात ठेवला. सरकारी कागदावर अंगठ्याचा डाग पडू नये म्हणून धोतराला हात पुसून मग कागद धरणारा हा माणूस.

"खोडू द्या तिला," ते म्हणाले. "ते खोटं हाय."

"आजोबा, मग काय लिहू मी?"

"पत्ता बापानं टाकाया लावला, तेवड्यासाटी सरकारनं आजारी मानसाला परत धाडलं. आसं लिवा. माज्या नावानं लिवा. म्या सही करतो."

"असं लिहिता येत नसतं. याला कॉलम नाही."

"मंग पाटीमागं लिवा. पाटीमागं कोरा हाय."

कारकुनानं माझ्याकडं बघितलं. तुम्ही तरी समजवा, असं त्याच्या तोंडावर होतं. आयुष्यभर माझ्याकडं लोकांनी असंच बघितलं आहे, शिकलेली आहे, समजूत घालेल. लोहाऱ्याच्या बाकावर मी ती घातली होती. मी त्याला म्हणाले, "ते म्हणतात तसं लिहा. नाहीतर मी लिहिते, तुम्ही शिक्का मारा."

त्यानं तो रेघा मारलेला कागद दोन बोटांत धरला आणि साहेबांना विचारून येतो म्हणून आत गेला. बऱ्याच वेळानं शिपाई बाहेर आला. साहेब जेवायला गेलेत, म्हणाला, आणि जेवणानंतर मीटिंग आहे, तुम्ही पुढच्या आठवड्यात या.

"आमी हाय हितं," भावजय म्हणाली.

शिपायानं पंखा बंद केला. आम्ही तिघं खुर्च्यांवर बसून राहिलो.